करड्या रंगातला रस्ता

आज शाळेला निघताना दोरीवरची पांढरी ओढणी काढली, तर तिच्यावर बारीक काळे ठिपके. बोटानं झटकायला गेले आणि ठिपक्यांच्या रेघा झाल्या. काजळी झटकायची नसते, फुंकायची असते, हे मला दरवर्षी ओढणी खराब झाल्यावरच आठवतं. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला होता. दुपारपर्यंत मळीचा आंबूस गोड वास वर्गात शिरला. शाळा सुटताना रस्त्यावर या वर्षीच्या पहिल्या डबल ट्रॉल्या दिसल्या. वर उसाचा डोंगर, मागं रस्त्याला घासत येणारी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पुढं ट्रॅक्टरच्या हेडवर कानठळ्या बसवणारं गाणं. मुलं नेहमीप्रमाणं ट्रॉलीमागं धावली, लोंबणारा ऊस ओढायला. मी नेहमीपेक्षा जास्त जोरात ओरडले त्यांच्यावर. एक मुलगी दचकून माझ्याकडं बघतच राहिली.

आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की माणसांच्या चालण्यालाही वेग येतो. माझं पाऊल मात्र तो वास आला की अडतं. दोन हंगामांपूर्वीच्या संध्याकाळी डोळ्यांपुढं येतात. कारखान्याचं यार्ड, रांगेत उभे ट्रॅक्टर, आणि माझ्या टॅबच्या पडद्यावर अंधाऱ्या भुयारात एकेक घर पुढं सरकणारा सर्जेराव.

सर्जेराव हे नाव आम्ही ठेवलेलं. मूळ खेळात त्या माणसाला नावच नव्हतं. वहीच्या चौकटीच्या कागदासारखं एक भुयार, त्यात हा नखाएवढा माणूस, हातात तलवार. बाकी घरांमधून, म्हणजे चौकटींमधून, उंदीर, साप, सांगाडे. या खेळाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात घाई नाही. आपण एक घर सरकलो की बाकीचे सगळे एक घर सरकतात. आपण थांबलो की सगळं जग थांबतं. साप समोर फणा काढून उभा असला तरी तुम्ही चहा पिऊन या, भाकरी थापून या, तो तसाच उभा राहतो. मात्र एकदा सर्जेराव मेला की मेला. मिळवलेली ढाल गेली, औषधाच्या बाटल्या गेल्या, उतरलेले मजले गेले. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात, आणि भुयारही नवीन. जुन्या भुयारातलं काहीच पुढच्याला उपयोगी पडत नाही.

इंदापूरच्या बाजारातून शाळेसाठी टॅब घेतला होता, त्यावर हा खेळ मी उतरवून घेतला. आठवीच्या वह्या तपासून डोकं बधिर झालं की खेळायचे. दादाला तो दाखवला तो यार्डात.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ भरत, घरचा ट्रॅक्टर चालवायचा. मी दहावीनंतर बारामतीला शिकायला गेले त्याच वर्षी तो हेडवर बसला. अभ्यासात तो माझ्यापेक्षा कमी नव्हता, हे मला ठाऊक आहे, कारण माझी गणितं त्यानंच करून घेतलेली. पण वडील गेल्यावर घरातल्या एकानं थांबायचं होतं आणि कोण थांबणार हे कुणी कुणाला विचारलं नाही. मी बीएस्सी झाले, बीएड झाले, आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पदवीदानाचा माझा फोटो त्यानं हेडवर स्टिअरिंगसमोर चिकटवला होता. धुळीनं त्या फोटोतला काळा झगा दर आठवड्याला तांबडा व्हायचा आणि तो गमछ्यानं पुसायचा.

यार्डात गाडी लावली की ऊस मोजायच्या वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत ड्रायव्हरनं करायचं काय? कुणी ट्रॉलीखाली पोतं टाकून झोपायचं, कुणी पत्ते कुटायचं. माझी शाळा कारखान्याच्या अलीकडं. वहिनी सकाळीच डबा माझ्याकडं द्यायच्या आणि शाळा सुटली की मी स्कूटीवरून यार्डात जायचे. ऊसतोडीच्या बाया बैलगाड्यांबरोबर यायच्या, पण पर्स अडकवलेली आणि हाताला खडूचा पांढरेपणा लागलेली मी एकटीच. सुरुवातीला लोक बघायचे. मग सवय झाली.

दादाच्या मागच्या नंबरात बहुतेक तात्या असायचे. साठीकडं झुकलेले, बुटके, ट्रॅक्टरवर चढताना दर वेळी एखादी नवी शिवी शोधून काढणारे.

"या मॅडम," ते म्हणायचे. "तुमचा विद्यार्थी आजबी नापास हाय."

विद्यार्थी म्हणजे दादा. खेळ त्याला पटकन कळला होता, पण सर्जेराव त्याच्या हातून फार लवकर मरायचा. यार्डात एक नियमच पडून गेला. ज्याच्या हातून सर्जेराव मरेल त्यानं चहा सांगायचा. तात्या डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरायचे, दोन क्षण मान खाली घालायचे आणि मग कॅन्टीनकडं तोंड करून ओरडायचे, "सर्जेराव गेलं! भरतरावच्या नावानं चहा आणा!" आजूबाजूचे ड्रायव्हर मयताला आल्यासारखे गोळा व्हायचे.

"आरं, डावी भिंत धरून का चालतोस? तितं काय आरटीओ बसलाय?" तात्या विचारायचे.

दादा खरंच सर्जेरावाला डाव्या अंगानं चालवायचा. इतकी वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाचा हात दुसरीकडं वळतच नव्हता. मग डावीकडच्या एखाद्या दारातून उंदीर यायचा, अगदी शेजारच्या घरात येऊन उभा राहायचा, आणि दादा निवांतपणे समोर सरकायचा.

"उंदीर!"

"कुठं हाय?"

"आरं ह्यो काय! तुझ्या मांडीवर बसल्यावर दिसंल का?"

हशा. चहा. आम्ही सगळेच हसायचो.

दादाही हसायचा. त्याला हरल्याचं वाईट वाटत नसे. यार्डात त्याचा मान निराळ्याच गोष्टीसाठी होता. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या मागं घ्यायच्या म्हणजे पुढची डावीकडं वळवली की मागची उजवीकडं पळते. भले भले घामाघूम होतात. दादा एका दमात, मान मागं वळवून, एका हातानं ते करायचा. लांबच्या नंबरातले लोक नवख्या ड्रायव्हरला म्हणायचे, "जा, भरतला बोलाव." त्याला कुणी असं बोलावलं की तो मुद्दाम सावकाश उठायचा, गमछा खांद्यावर टाकायचा. त्या चालण्यात काय होतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. माझ्या हातात पदवी पडली तेव्हा मी अशी चालले नव्हते.

मी आता अधल्यामधल्या मोकळ्या तासाला शिक्षकखोलीत एकटीच तो खेळ खेळते. दादाबरोबरचा खेळ थांबल्यावर मी कुणाबरोबर खेळले नाही. खेळातली एक गोष्ट तेव्हा मला फक्त सुंदर वाटायची. सर्जेरावाच्या नजरेच्या टप्प्यात जेवढं येतं तेवढं उजळलेलं असतं. जे अजून पाहिलेलं नाही ते काळं. आणि जे पाहून मागं टाकलं ते करडं. त्या करड्या भागात भिंती दिसतात, दारं दिसतात, जिना दिसतो. पण तो भाग आता दिसत नसतो, आठवत असतो. त्यामुळं तिथं हलणारं काही दाखवत नाहीत. साप तिथून सरपटत आला तरी पडद्यावर करडी फरशी तशीच स्वच्छ. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला वाटलं होतं, ज्यानं हा खेळ केला त्याला माणसाची आठवण कशी असते ते नीट कळलेलं आहे.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट असेल. उन्हं कलली होती, पण चांगला उजेड होता. माझ्या मांडीवर टॅब, दादा शेजारी, तात्या समोर उकिडवे. पडद्यावर डावीकडं खालच्या कोपऱ्यात सांगाडा उभा होता. लपलेला नव्हता, अंधारातही नव्हता. मी मुद्दाम काही बोलले नाही. दादानं सगळा पडदा बघितल्यासारखं केलं, विचार केला, आणि सर्जेरावाला सरळ त्या सांगाड्याच्या वाटेवर एक घर पुढं सरकवलं.

तात्यांनी टोपीला हात घातला. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही. सकाळी वहिनी सहज बोलून गेल्या होत्या, की ह्यांच्या डाव्या हाताला चहा ठेवला की सांडतोच. आठवड्यापूर्वी डावं मडगार्ड कॅनॉलच्या कठड्याला घासलं होतं आणि दादा म्हणाला होता, कठडाच पुढं आलाय. आणि अलीकडं ट्रॉल्या मागं घेताना तो कुणाला तरी मागं उभं राहायला सांगायचा.

"दादा, सर्जेरावाकडं बघ," मी म्हणाले. घरी आणि यार्डात माझी भाषा आपोआप त्याची होते. "नजर हलवायची न्हाय. मी बोट आणती. दिसलं की सांग."

"डाक्टर झालीस व्हय आता?"

"बघ तर."

मी उजवीकडून बोट आणलं. "दिसलं," तो लगेच म्हणाला. वरून आणलं. "दिसलं." मग डावीकडून, थोडं खालून. बोट त्याच्या खांद्यापाशी आलं, टॅबच्या कडेपाशी आलं.

तात्या हसायला लागले. "आरं, आता गालाला लागंल बोट!"

दादाची नजर सर्जेरावावर होती. एखाद्या हुशार मुलासारखा तो अगदी प्रामाणिकपणे एकटक बघत होता. माझं बोट पडद्याच्या काचेवर आलं. सांगाड्यावर टेकलं.

"आण की," दादा म्हणाला. "आणती का न्हाय?"

तात्यांचं हसणं थांबलं. त्या दिवशी चहा कुणी सांगितला नाही.

बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, आत कुठंतरी बारीक उजेड लुकलुकतो, दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरून ऐकत होते. बटणाचा आवाज यायचा, यायचा, मग बराच वेळ यायचा नाही. त्या शांततेत आत उजेड लुकलुकत असणार, एवढंच मला कळत होतं.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. मोतीबिंदूसारखा तो काढून टाकता येत नाही. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून माणूस येतच नाही. नजर कडेनं खात खात जाते आणि रिकामी झालेली जागा मेंदू आपल्या मनानं भरून टाकतो, त्यामुळं आपल्याला भोक दिसत नाही. "गेलेलं परत येणार नाही," ते शांतपणे म्हणाले. "राहिलेलं सांभाळू. थेंब चुकवायचे नाहीत. आणि गाडी चालवणं बंद."

दहावीला डोळ्याचा धडा मी शिकवते. भिंग, बुबुळ, दृष्टिपटल. फळ्यावर डोळ्याची आकृती मी न बघता काढू शकते. डॉक्टरांसमोर बसले तेव्हा ती सगळी नावं मला आठवत होती आणि त्यांचा काही उपयोग होत नव्हता.

परतीच्या एसटीत दादा खिडकीशी बसला. बारामती मागं पडेपर्यंत तो दुकानांच्या पाट्या वाचत होता. मोठ्यानं नाही, पण मला ऐकू जाईल असं. कृषी सेवा केंद्र. वेल्डिंग वर्क्स. रसवंतीगृह. एका पाटीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं "येथे झेरॉक्स मिळेल" सुद्धा. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बघ. दिसतंय की सगळं."

दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टर घेऊन गेला.

"एवढा हंगाम उरकू दे," तो वहिनींना म्हणाला. "मग बघू."

ते दिवस मी कान रस्त्याकडं लावून काढले. वर्गात शिकवत असले तरी रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की वाक्य अर्धं राहायचं. हंगामात आमच्या रस्त्यांच्या कडेला काय काय असतं! तोडकऱ्यांची पालं, त्यांची उघडी पोरं, वाढ्याचा भारा डोक्यावर घेतल्यानं ज्यांना मान वळवता येत नाही अशा बाया, सायकलवरचे विद्यार्थी. माझे विद्यार्थी. आणि ही सगळी डाव्या अंगानं चालणारी. वहिनींनी शपथा घातल्या. आईनं जेवण सोडून बघितलं. दादा चिडायचा नाही, हेच वाईट होतं. तो समजूत घालायचा. "आगं, रस्ता पाठ हाय मला. डोळं बांधून न्हीन गाडी. खड्डा न् खड्डा माहीत हाय." आणि ते खोटं नव्हतं.

ज्याच्यामुळं आपण शिकलो त्याला शिकवायला आपली जीभ रेटत नाही. मी रोज डबा घेऊन जायचे, रोज ठरवून जायचे, आणि टॅब त्याच्या हातात देऊन गप्प बसायचे. तो खेळायचा. आता चांगला खेळायला लागला होता. प्रत्येक चालीआधी मान सावकाश डावीकडं वळवायचा, पडद्याचा तो कोपरा समोर आणायचा, मग बोट टेकवायचा. सर्जेराव पूर्वी गेला नव्हता एवढ्या खालच्या मजल्यावर पोचला. तात्याही आता टोपीची गंमत करत नसत.

"बघितलंस?" एका संध्याकाळी दादा म्हणाला. "जमतंय की. मान वळवली की झालं."

"इथं जमतंय," मी म्हणाले. "इथं साप तुझ्यासाठी थांबतोय, दादा. तू मान वळवून परत यीस्तोर थांबतोय. रस्त्यावर कोण थांबतंय?"

त्यानं सर्जेरावाला आणखी एक घर पुढं सरकवलं. मी टॅब जवळ ओढला आणि सर्जेरावाच्या मागच्या दालनावर बोट ठेवलं.

"हे करडं काय हाय?"

"आपुन बघून आलो ती खोली."

"आता तितं काय हाय?"

"भिंती हायत. दोन दारं हायत. जिना हाय."

"आन उंदीर?"

दादानं त्या खोलीकडं मान वळवली. "असंल. हितनं दिसायचा न्हाय."

"तुला रस्ता पाठ हाय म्हणतोस, ते मला पटतंय. वळण पाठ हाय, खड्डं पाठ हायत, कॅनॉलचा कठडा पाठ हाय. पोरं पाठ हायत का?"

शेजारच्या नंबरातलं गाणं चालूच होतं. दादानं टॅब माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, "मी खाली उतरलो, तर मग मी कोण गं, स्वाते?"

आता तो शेतात राबतो, वेळेवर थेंब घालतो, ट्रॅक्टरवर दुसरा माणूस ठेवलाय. माझ्याशी चांगलं बोलतो. पण गेल्या दिवाळीत भाच्यानं शाळेसाठी वडिलांचा व्यवसाय विचारला, तेव्हा तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "आईला इचार." वहिनींनी शेती सांगितलं. आम्ही सगळे पुन्हा जेवायला लागलो.

यार्डातल्या त्या संध्याकाळी पुढची रांग हलली. एकामागून एक इंजिनं सुरू झाली, धूर उठला, पुढची ट्रॉली धक्का खाऊन सरकली. दादा हेडवर चढला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. चावी फिरवली नाही. पुढं मोकळी जागा वाढत चालली, मागचे हॉर्न वाजायला लागले, कुणीतरी आईवरून ओरडलं. दादा तसाच.

तात्या चालत आले. "भरतराव, डुलकी लागली व्हय?"

"तात्या," दादा म्हणाला, "एवढं काट्यापातुर तुमी न्या."

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दादा खाली उतरला. तात्या वर चढले, या वेळी शिवी न देता, आणि पाय पोचावेत म्हणून सीटच्या कडेला सरकून बसले.

दादा दोन पावलं पुढं येऊन उभा राहिला. हातांचं काय करावं त्याला कळेना. गमछा खांद्यावरून काढला, पुन्हा टाकला. यार्डभर इंजिनांचा असा गदारोळ होता की कोणतं कुठलं ते कळत नव्हतं. तात्यांनी पुढची जागा साधायला हेड एकदम वळवलं. दादा समोर काट्याकडं बघत उभा होता. मी त्याचं मनगट धरून सगळ्या ताकदीनं मागं ओढलं. मोठं चाक त्याच्या डाव्या चपलेजवळून चिखल उडवत गेलं. वाढ्यांची टोकं त्याच्या गालावरून सरकली, तेव्हा तो दचकला आणि त्यानं मान वळवली.

पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली. त्यानं माझा हात घट्ट धरला होता.

"कुणाचा हुता गं?" त्यानं विचारलं. "दिसलाच न्हाय मला."

"आपलाच, दादा," मी म्हणाले.